आमचे पटवारी आबाजी

आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे वडील. 2024 मध्ये गेले, 92 वर्षांचे होते. 1932 चा जन्म, 1953 ला पटवारी म्हणून लागले, 1990 ला रिटायर झाले आणि सगळी नोकरी चांदा जिल्ह्यात, त्यातली बहुतेक ब्रह्मपुरी तहसीलीत. घरात आम्ही आजही चांदाच म्हणतो, चंद्रपूर फक्त फॉर्मवर. त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं. पेपरात छापून यावं असं त्यांच्या आयुष्यात काही घडलं नाही, ना पुरस्कार ना सत्कार, आणि तरी तेरवीला आमच्या अंगणात जी माणसं आली त्यातल्या कितीतरी जणांना आमच्या घरातलं कोणी ओळखतही नव्हतं. कोणी मोटारसायकलवर, कोणी एसटीने, एक जण तर वैनगंगेच्या पलीकडून. जेवणं झाली आणि एकेक जण सांगायला लागला.

त्यातले एक साठीचे काका होते, नदीकाठच्या गावातले. त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील आणि मोठे काका यांच्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण लागलं होतं. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, शेजारी शेजारी, मधे धुरा, आणि दोघंही म्हणत होते समोरच्याने धुरा कोरला. आपल्याकडे धुऱ्यावरून डोकी फुटतात हे सांगायला नको. आबाजी गेले, सोबत कोतवाल, खांद्यावर जरीब म्हणजे मोजणीची साखळी, काखेत कापडावर चिकटवलेला नकाशा. पण आल्याबरोबर नकाशा उघडला नाही. दारात या दोघांची म्हातारी आई बसली होती, तिला म्हणाले, माय, चाल बरं जरा वावरात. हळूहळू तिला घेऊन गेले आणि विचारलं, "रोवण्याच्या दिवसात पऱ्ह्याच्या पेंढ्या तू कोठी उतरवे?" म्हातारीने थोडा विचार केला आणि मोहाच्या झाडापासून चालत चालत एका जागी आली, म्हणाली अठी, अठी एक दगड होता, त्याच्यावर पाय देऊन मी डोक्यावरचा भारा खाली टाको. कोतवालाने तिथे खणलं तर हातभर खाली हद्दीचा दगड निघाला. मग आबाजींनी नकाशा उघडला, जरीब टाकली, माप बरोबर जुळलं. दगड निघाला तो धुऱ्याच्या ऐन मधोमध. म्हणजे धुरा कोणी सरकवला नव्हता, दोघांनीही आपापल्या बाजूने कोरला होता, आणि ज्या धुऱ्यावरून एकेकाळी बैलजोडी जायची तो आता वीतभर राहिला होता. आबाजींनी तिथेच बसून पंचनामा लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि म्हणाले आता दोघं मिळून धुऱ्यावर माती टाका, तोवर मी अठून हालत नाई. संध्याकाळ झाली पण हलले नाहीत म्हणे.

ही गोष्ट आबाजींनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. असं त्यांचं खूप काही आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं.

पण त्यांचं एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, "जागेवर गेल्याबिगर लिवाचं नाई." पटवाऱ्याचं काम म्हणजे लिहिणं. कोणाची जमीन, किती, कोणत्या बांधीत काय पीक, कोण कसतो, कोणाकडून कोणाकडे गेली, विहीर आहे का, झाडं किती. एका हलक्यात, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या भागात, चार-पाच गावं, पावसाळ्यात रस्ता नाही, नाल्याला पूर आला की दोन दोन दिवस एका गावात अडकून राहायचं. अशा वेळी घरी बसून मागच्या वर्षीचं पाहून खसरा, म्हणजे जमीन-पिकाची नोंद, भरून टाकणं फार सोपं असतं, आणि तसं करणारे होते हेही ते सांगायचे, नाव मात्र कोणाचंच घ्यायचे नाहीत. ते स्वतः प्रत्येक बांधीवर जायचे. आधी पायी, मग सायकल आली. आमच्याकडचं जंगल कसं आहे ते इकडच्या लोकांना माहीत आहे, आज पेपरात ब्रह्मपुरीचे वाघ रोज येतात पण तेव्हाही ते होतेच, आणि आबाजी आणि कोतवालकाका दोघं त्या पांदणीने मोठमोठ्याने भजन म्हणत जायचे कारण माणसाचा आवाज आला की जनावर बाजूला होते.

त्यांची नोकरी लागली तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आबाजींनी ब्रह्मपुरीची वेस न ओलांडता तीन राज्यांची चाकरी केली. कायदे बदलले, फॉर्म बदलले, आधी खसरा पाचसाला आणि जमाबंदी होती, मग जमीन महसूल संहिता 1966 आली, मग सातबारा आणि आठ-अ. ते म्हणायचे कागदाचं नाव बदलते, वावर तेच रायते.

मला स्वतःला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते निस्तार पत्रकाचं. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या भागाच्या, बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. आमच्या भागात मालगुजारी होती, गावाचा मालक मालगुजार. 1951 मध्ये ती संपली आणि गावाचं जंगल, पडीत, आणि मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव सरकारकडे आले. तेच आजचे मामा तलाव, माजी मालगुजारी म्हणून मामा. आता सरकारकडे आले म्हणजे गावकऱ्यांनी सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, कुंभाराने माती कुठली घ्यायची, मयत कुठे न्यायची, हे सगळं कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे ना? ते निस्तार पत्रकात लिहिलं गेलं. आणि तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला कसं जाणार, मासे कोण धरणार, वाट कुठून, हे वाजिब-उल-अर्जमध्ये. आबाजी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे. गावात रात्री गुडीपाशी, म्हणजे देवळापाशी, लोक गोळा करायचे आणि विचारायचे. नुसतं पाटलाला विचारून चालत नाही म्हणायचे, पाटलाच्या घरी सरपण गडी आणतो, ज्याची बायको स्वतः मोळी आणते त्याला विचारा. म्हणून मोळीवाल्या बायांना विचारायचे, गुराख्याला विचारायचे, ढिवरांना तलावाचं विचारायचे. आणि मग दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर त्या जागेवर जायचे.

लेव्हीच्या वर्षांबद्दल मात्र ते फार कमी बोलायचे. धान्याची टंचाई, सरकारला धान द्यायचं, कोणाच्या घरातून किती ते यादीत लिहिलेलं. आपल्या सख्ख्या मोठ्या भावाच्या घरची लेव्ही त्यांनीच लिहिली, एक पायली कमी केली नाही. मोठे आबाजी त्यानंतर कितीतरी वर्षं यांच्याशी बोलले नाहीत. पण आजी सांगायची की त्या वर्षी आमच्या घरी जे काही धान होतं त्यातलं अर्धं आबाजींनी रात्री बंडीत टाकून भावाच्या घरी नेऊन दिलं आणि भावाने दार उघडलं नाही म्हणून ओसरीत ठेवून परत आले. यादी वेगळी आणि भाऊ वेगळा, दोन्ही पूर्ण.

पैसेवारीची गोष्टही सांगायला पाहिजे. पिकाची पैसेवारी, म्हणजे चांगल्या वर्षाच्या मानाने रुपयाला किती पैसे पीक आलं ते, 50 पैशांच्या आत आली तर गावाला सवलती मिळतात, शेतसाऱ्यात सूट, कर्जाच्या वसुलीला थांबा, पोरांची परीक्षा फी माफ. वर आली तर काहीच नाही. त्यामुळे गावाला वाटतं कमी लिहा आणि वरच्यांना वाटतं जास्त लिहा. ती काढायची कशी तर काही बांध्या निवडायच्या, त्यात मापून चौकोन आखायचा, तेवढंच धान कापायचं, झोडायचं, वाळवायचं, तोलायचं आणि चांगल्या वर्षीच्या उताऱ्याशी ताडून पाहायचं. एका वर्षी पोळ्यानंतर पाऊसच नाही आला, धान निसवलं तेव्हा तलाव कोरडे. आबाजींनी तोललं, 50 च्या खाली आली. वरून निरोप आला की आजूबाजूच्या गावांची जास्त आहे, तुमची कशी कमी, परत पाहा. आबाजी परत गेले, दुसऱ्या बांध्या घेतल्या, पंचांसमोर परत तोललं आणि आकडा आणखी दोन पैशांनी खाली आला. तोच लिहून पाठवला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, अशा हलक्यावर की जिथून घरी यायला अर्धा दिवस सायकल आणि नदीवर डोंगा. कोणी केली, का केली, यावर घरात कधी चर्चा झाली नाही. मला राग येतो अजूनही. त्यांना नव्हता, किंवा असेल तर दाखवला नाही. त्या गावाला मात्र त्या वर्षी सूट मिळाली आणि त्याच गावचे दोघं जण तेरवीला आले होते.

आता घरचं सांगते, कारण आबाजी म्हटलं की मला दप्तराआधी आमचा स्वयंपाकघराचा उंबरठा आठवतो, तिथे ते बसायचे.

चार मुली आणि शेवटचे माझे बाबा. चार मुली म्हटल्यावर नातेवाईक काय काय बोलायचे ते विचारू नका. आबाजींनी काय केलं तर ब्रह्मपुरीला एक खोली भाड्याने घेतली, आजी आणि मुलं तिथे, कारण शाळा तिथे होती, आणि स्वतः हलक्यावर एकटे. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे, भात, वरण, आणि दिवसाला एक भाजी, बहुतेक वेळा काड्याची भाजी नाहीतर वाळवलेले वांग्याचे काप. शनिवारी संध्याकाळी दप्तर बांधायचं आणि सायकलने घरी. मोठी आत्या सांगते की रात्री कितीही उशीर झाला तरी आम्ही जाग्या राहायचो कारण बाबूजी आल्यावर एकेकीची वही पाहायचे, आणि वही पाहून झाली की पाय. पाय म्हणजे चप्पल बरोबर आहे का, अंगठा दुखतो का, काटा मोडलाय का. एकदा दोन नंबरच्या आत्याच्या पायात बाभळीचा काटा रुतून पिकला होता आणि तिने आजीला सांगितलं नव्हतं, तो आबाजींनी कंदिलाच्या उजेडात सुईने काढला, रुईचा चीक लावला आणि रविवारी तिला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं. ही आत्या पुढे नर्स झाली. मोठी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. तीन नंबरची ग्रॅज्युएट झाली, नोकरी नाही केली. चार नंबरची अकरावीत नापास झाली, घरात सगळे बोलले पण आबाजी बोलले नाहीत, फक्त तिला शिवणकामाच्या क्लासला घातलं आणि मशीन घेऊन दिली. ती मशीन अजून चालते.

मुली लग्न होऊन गेल्या. आमच्याकडे जुन्या लोकांत पद्धत होती की बाप मुलीच्या घरी पाणी पीत नाही, निदान तिला लेकरू होईपर्यंत तरी. आबाजी प्रत्येक मुलीच्या घरी लग्नानंतर महिन्याच्या आत जायचे आणि गेल्याबरोबर पाणी मागायचे, तेही ओसरीत बसून नाही, आत रांधणीत जाऊन. एका व्याह्यांनी तोंडावर म्हटलं होतं की पटवारीसाहेब, हे बरं दिसत नाही. आबाजी म्हणाले, "पाणी पेलो नाई तं माठ भरला हाय का रिकामा हाय, मले कसं समजन?" एका आत्याचा माठ खरंच रिकामा होता, म्हणजे विहीर लांब, तिच्या एकटीवर पाणी भरायचं काम, आणि ती तेव्हा पोटुशी. तिने माहेरी लिहिलेल्या अंतर्देशीय पत्रात लिहिलं होतं सर्व कुशल आहे. आबाजी तिथे दोन दिवस राहिले आणि दोन्ही दिवस स्वतः कावडीने पाणी भरलं, सगळ्या गावासमोर, कोणाला काही न बोलता. तिसऱ्या दिवसापासून जावई भरायला लागले. आत्या अजूनही हे सांगताना रडते आणि आमचे मामाजी, म्हणजे तिचे मिस्टर, तिथेच बसून ऐकतात आणि म्हणतात खरं आहे.

जमिनीचं तर मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. आबाजींनी नोकरीत असताना पैसा पैसा जोडून, रीतसर परवानगी काढून, आमच्या गावी 5 एकर धानाची जमीन घेतली. आता आपल्याकडे बाप म्हातारा झाला की काय होतं? बहिणींना बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहीण पण देऊन टाकते, कारण नाही दिली तर माहेर तुटते. आबाजींनी नोकरीभर अशा बहिणी पाहिल्या होत्या. फेरफार लिहायचा तर त्यांनाच लिहावा लागे, कायद्याने सही चालते म्हणून तो नाकारता येत नव्हता. पण एकेका बहिणीला बाजूला घेऊन विचारायचे, बाई, तुला समजते का तू काय सोडून रायली? बहुतेक जणी खाली पाहून हो म्हणायच्या. 1994 ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा देणारा कायदा केला, सगळ्या देशात तो 2005 ला झाला. आबाजींची जमीन स्वकष्टाची होती, त्यांना कायद्याने काहीच बंधन नव्हतं, सगळी बाबांना दिली असती तरी कोणी बोललं नसतं. त्यांनी रिटायर झाल्यावर ब्रह्मपुरीला जाऊन रजिस्ट्री केली आणि सातबाऱ्यावर आधी आजीचं नाव, मग चारही आत्या, मग बाबा अशी सामाईक नावं चढवली. बाबांना आधी विचारलं होतं. बाबा म्हणाले तुम्ही म्हणाल तसं, आणि आईलाही विचारलं होतं, सून म्हणून, तीही हो म्हणाली. गावात लोक हसले. एकुलता एक पोरगा असून पोरींच्या नावे जमीन. आज ती शेती बाबा करतात, धान एचएमटी लावतात, जे आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधून काढलं. धान निघालं, मिलवरून तांदूळ आला की खर्च वजा करून प्रत्येक आत्याच्या घरी तिचा हिस्सा जातो. चार नंबरच्या आत्याचे मिस्टर लवकर वारले, त्या वर्षी त्या तांदळाने तिचं घर चाललं. हक्कसोड झालं असतं तर तिला भावाकडे मागावं लागलं असतं, आणि बाबांनी दिलंही असतं, पण मागून घेणं वेगळं आणि आपल्या सातबाऱ्याचं खाणं वेगळं.

आजीचे डोळे गेले तेव्हा मी शाळेत होते. काचबिंदू. आबाजींनी नागभीडहून छोट्या गाडीने, म्हणजे नॅरोगेज रेल्वेने, तिला नागपूरला कितीदा नेलं असेल, पण गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यानंतर आबाजींनी घरातली एकही वस्तू जागची हलू दिली नाही. आम्ही पोरं पाट उचलून दुसरीकडे ठेवला की ओरडायचे, एरवी कधीच ओरडत नसत. सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, निधनवार्तेसकट.

आजीला नाटकाचा भारी नाद. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि मग होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक, वडशाच्या कंपन्या, रात्री दहाला सुरू आणि पहाटे संपणार, अख्खं गाव शाली घेऊन बसलेलं. डोळे गेल्यावर आजी म्हणाली आता मी कशाला येऊ. आबाजी तिला घेऊनच गेले. मी दोघांच्या मधे बसलेली, एक शाल तिघांवर. आबाजी तिच्या कानाशी सांगत होते, "आता ते सून आली, हिरवं लुगडं नेसली हाय, रडून रायली पण खोटी रडून रायली." आजी म्हणाली खोटी रडते ते मले ऐकू येते, तुमी लुगड्याचा काठ सांगा. मग आबाजी जागेवरून उठले, लोकांच्या मधून वाट काढत स्टेजच्या अगदी पुढे गेले, पाहून आले आणि सांगितलं, लाल काठ, दोन बोटं रुंद. आजूबाजूचे लोक वैतागले होते पण आबाजींना त्याचं काही नाही. तेव्हा ते सत्तरीच्या पुढचे होते. रात्रभर असं चाललं.

आजी 2011 ला गेली. आम्हाला वाटलं आबाजी आता खचतील. पण दुसऱ्याच वर्षी एका जुन्या गावचे लोक घरी आले. वनहक्क कायद्याचं तेव्हा सगळीकडे चालू होतं, गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला होता, आपल्या जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये मिळाला. या गावालाही दावा टाकायचा होता आणि पुरावा पाहिजे होता की आम्ही पिढ्यान् पिढ्या हे जंगल वापरतो. त्यांच्याकडे निस्तार पत्रकाची एक जुनी नक्कल होती, कडा फाटलेली. आबाजींनी ती हातात घेतली आणि चष्मा पुसून परत लावला. अक्षर त्यांचंच होतं. मोडी वळणाचा त्यांचा तो लांब वेलांटीचा ल आम्ही सगळे ओळखतो. त्या कायद्याच्या नियमात गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा धरतात. 80 वर्षांचे आबाजी म्हणाले मी चालतो, पण अठी बसून नाई सांगत. जीप केली, गावात गेले, जितकं चालता आलं तितकं जंगलात चालले, चराईची जागा दाखवली, मोळीची वाट दाखवली, जुना पाट दाखवला. ज्या बायांना विचारून 1950 च्या दशकात त्यांनी लिहिलं होतं त्यातली एकही जिवंत नव्हती, त्यांच्या नाती होत्या. त्या रात्री घरी आल्यावर आबाजी दोन पोळ्या जास्त जेवले, हे मला आईने सांगितलं.

शेवटच्या काही वर्षांत शेजारचा पोरगा त्यांना ई-पीक पाहणीचं अ‍ॅप दाखवायचा. 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवतो, वावरात जाऊन फोटो काढावा लागतो. मला वाटलं होतं म्हातारे लोक बोलतात तसं काहीतरी बोलतील, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. ते म्हणाले, "म्हणजे मोबाइललेही जागेवर जावंच लागते. चांगलं हाय." आणि कास्तकार स्वतः लिहितो हे तर त्यांना फारच आवडलं, अर्ध्या भांडणाचं मूळ हेच होतं म्हणाले, आपल्या वावरात काय लिहिलं ते कास्तकाराला माहीतच नसायचं.

दर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं काम माझं होतं, मी त्यासाठी नागपूरहून सुट्टी काढून यायची. पांढरं धोतर, धुतलेली टोपी, स्वतःचा पेन. यादीत आपलं नाव शोधायचे, त्यासमोर सही करायचे आणि मग वरच्या-खालच्या नावांवरून बोट फिरवायचे, कोणाची सही अजून झाली नाही ते पाहायला. ज्याची झाली नसेल त्याच्या घरी, तो ब्रह्मपुरीतच असेल तर, आम्ही रिक्षाने जायचो. कधी तो माणूस आजारी असायचा, त्याला घरीच सही घेता येते का ते बँकेत विचारून आबाजी कळवायचे. कधी दारात फोटोला हार असायचा. मग आबाजी थोडा वेळ बसायचे, चहा घ्यायचे आणि घरच्यांना फॅमिली पेन्शनचा फॉर्म भरला का ते विचारायचे. बाईला माहीतच नसायचं बऱ्याचदा. एका काकूंचा फॉर्म तिथेच बसून त्यांनी माझ्याकडून भरून घेतला आणि मला म्हणाले, अक्षर मोठं काढ, तिला वाचता आलं पाहिजे.

ते गेल्यावर बाबांनी लोखंडी पेटी उघडली. त्यात पेन्शनची फाइल, आणि फाइलच्या वर एक कागद, त्यांच्याच अक्षरात. "माझ्या मृत्यूची सूचना आठ दिवसांचे आत बँकेस व कोषागारास द्यावी. मृत्यूचे तारखेनंतरची रक्कम खात्यात जमा झाल्यास ती शासनाची आहे, ती परत करावी. उशीर करू नये." खाली सही आणि तारीख. आबाजी महिन्याच्या अखेरीला गेले होते, त्यामुळे पूर्ण महिन्याची पेन्शन जमा झाली, म्हणजे चार दिवसांची जास्त. बाबा पाचव्या दिवशी डोकं भादरलेलं तसेच बँकेत निघाले. तीन नंबरची आत्या चिडली, घरात सुतक आहे, चार दिवसांचे असे किती पैसे आहेत, कोण विचारतं, पंधरा दिवसांनी गेलास तर काय होईल. बाबा म्हणाले लिहून ठेवलं आहे त्यांनी, उशीर करू नये. मोठी आत्या म्हणाली जाऊ दे त्याला. बँकेतल्या मॅनेजर मॅडमनी हिशोब करून दिला, बाबांनी रक्कम भरली, आणि परत आल्यावर पावती त्या कागदाच्या मागे टाचणीने लावून फाइल आत्याच्या हातात दिली. तिने पावतीवरचा आकडा वाचला, कागद परत एकदा वाचला आणि कधी न विचारलेलं विचारलं, की आपल्या सातबाऱ्याचा नवीन उतारा ऑनलाइन निघतो ना, तो मला काढून दे, माझ्या दोन्ही पोरींना दाखवायचा आहे.